‘चालेल’ या शब्दाची कैफियत

सरकारी नोकरीच्या चौतीस वर्षांत ज्या शब्दाखाली मी सर्वांत अधिक वेळा सही केली असेल तो शब्द ‘मंजूर’ नव्हे, कारण मंजूर करण्याचा अधिकार माझ्या वाट्याला कधी आलाच नाही, तो ‘दाखल’ नव्हे आणि ‘रुजू’ही नव्हे, तो शब्द म्हणजे ‘चालेल’. १९७४ च्या जून महिन्यात एका खात्याच्या जिल्हा कचेरीत मी कनिष्ठ लिपिक म्हणून हजर झालो आणि वर्ष उलटण्याच्या आत, जेथे जाण्यास कोणी राजी नसे अशा वाहनांच्या टेबलावर माझी नेमणूक झाली. आस्थापना शाखेला वजन होते, लेखा शाखेला दरारा होता. वाहनांच्या टेबलावर होती ती पेट्रोलच्या पावत्यांची चळत, तेलकट बोटांनी डागळलेली लॉगबुके, आणि चालकांच्या तक्रारी, ज्या लेखी कधी येत नसत आणि तोंडी कधी थांबत नसत. दोन जीपगाड्या आणि साहेबांची एक अँबॅसडर मोटार एवढाच माझा परिवार. परंतु त्या तीन गाड्यांच्या तेलाचा, हवेचा आणि टायरांचा हिशेब ठेवता ठेवता मला एका साध्या क्रियापदाचे दोन अर्थ वेगळे करावयास शिकावे लागले, आणि त्यांतला भेद कळण्यासाठी एका पावसाळी घाटातल्या गटारापर्यंत जावे लागले.

चाकांशी माझी ओळख मात्र नोकरीच्या आधीची. आमच्या घरी बैलगाडी होती, आणि तिच्या लाकडी चाकावर जी लोखंडी पट्टी चढवितात तिला धाव म्हणतात हे मला अक्षरओळखीच्याही आधी ठाऊक झाले होते. धावणे हेच जिचे काम तिला धाव हे नाव देणाऱ्या त्या अनामिक कुणब्याच्या शब्दबुद्धीचे मला आजही कौतुक वाटते. लोहार ती पट्टी गोवऱ्यांच्या रिंगणात लाल होईतो तापवी, चिमट्यांनी उचलून चाकावर बसवी, आणि वर पाणी ओतताच ती आकसून लाकडाला असा वेढा घाली की आरे तुंब्यात कुरकुरत. उन्हाळ्यात लाकूड सुके, आटे, धाव सैल होई, आणि गाडीचा आवाज किंचित बदले. तो बदल आम्हा मुलांच्या कानी पडतही नसे, पण वडील अंगणातून तो ऐकत, आणि गाडी अगदी उत्तम चालत असताना चाके काढून रात्रभर ओढ्यात बुडवून ठेवीत. तेवढ्याने भागण्यासारखे नसले, तर मृगाच्या आधी लोहाराचे दार गाठीत. ‘धाव निसटल्यावर लोहाराकडे जायचं म्हणजे चाक खांद्यावर घेऊन जायचं,’ असे ते म्हणत. मला ती गरिबाची काटकसर वाटे. ती काटकसरीहून निराळी काही वस्तू होती, हे कळण्यास पुष्कळ वर्षे जावी लागली.

गाडीची नियमित देखभाल हा आमच्या कचेरीत एक शिरस्ता होता, आणि प्रत्येक शिरस्त्याला असतो तसा त्यालाही एक तक्ता होता. दोन हजार किलोमीटरांना ग्रीस, पाच हजारांना इंजिनाचे तेल व चाकांची अदलाबदल, दहा हजारांना गिअरपेटीचे तेल, अशी ती वहिवाट माझ्या आधीच्या कारकुनाने पुठ्ठ्यावर डकवून भिंतीला टांगली होती. पहिले काही महिने मी त्या तक्त्याकडे केवळ जमाखर्चाच्या दृष्टीने पाहिले: आकडा भरला की पावती फाडावयाची, तेलाचा डबा भांडारातून काढावयाचा, नोंदवहीत बाब टिपावयाची. मोटारीवर जे चालक होते त्यांना वयोमानाने सगळी कचेरी मामा म्हणे. एके दिवशी ते माझ्या टेबलापाशी येऊन नम्रपणे, पण त्या नम्रतेत काही एक खोच ठेवून म्हणाले, ‘भाऊसाहेब, ग्रीस कागदावर लागत नाही. एकदा खड्ड्यात उतरून तर बघा.’

गाडीखालच्या त्या सिमेंटच्या खड्ड्यात मी प्रथम उतरलो तो दिवस माझ्या लक्षात आहे, कारण पांढरा सदरा घालून उतरलो होतो. हातदिव्याच्या उजेडात मामांनी पुढच्या चाकाच्या सांध्यावरचे निपल चिंधीने पुसले, त्यावर ग्रीसगन टेकविली, आणि दांडा दाबताच सांध्याच्या फटीतून काळेकुट्ट, रेती मिसळलेले जुने ग्रीस गांडुळासारखे वळवळत बाहेर येऊ लागले. ‘हे काळं संपून पिवळं दिसेतोवर दाबायचं. पिवळं दिसलं की पुरे,’ एवढीच त्यांची व्याख्या. मग त्यांनी डिपस्टिकवरचा तेलाचा थेंब अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत धरून चोळला आणि तो माझ्या बोटांत दिला: नवे तेल बोटांत तार धरते, थकलेले तेल पाण्यासारखे पसरते व त्यात कण लागतात. प्लग काढून दाखविले. टोकाला विटकरी छटा असली तर इंजिनाची प्रकृती ठीक, काजळी असली तर पेट्रोल जास्त जाते आहे, पांढरट असले तर कमी. पंख्याचा पट्टा अंगठ्याने दाबला, तो अर्धा इंच दबला. बॅटरीच्या खणांत पाणी पाहिले. यांपैकी एकाही अवयवाने तोवर तक्रार केलेली नव्हती. गाडी सकाळीच साहेबांना तालुक्याहून घेऊन सुखरूप आली होती. तरीही त्या काळ्या ग्रीसमधली रेती मी पाहिली, आणि ती किती दिवसांपासून तेथे सांधा कातरीत बसली असेल या विचाराने मला उगाच अपराध्यासारखे वाटले. हवेचा टायर व्यवहारात आणणारा डनलॉप हा बेलफास्टचा पशुवैद्य होता, आणि १८८८ साली त्याने जे पेटंट घेतले ते मुलाच्या तीनचाकी सायकलीवर केलेल्या खटपटीतून घेतले, असे मी पुढे कोठेतरी वाचले, तेव्हा मला नवल वाटले नाही. मुक्या जनावराच्या अंगावरून फिरावा तसाच मामांचा हात गाडीवरून फिरत असे.

ग्रीस आणि तेल यांच्या बाबतीत आमचा तक्ता उदार होता, कारण त्या वस्तू स्वस्त होत्या. टायरांची गोष्ट वेगळी. टायर हा जडवस्तुसंग्रहाच्या नोंदवहीत क्रमांकाने चढे, क्रमांकाने उतरे, आणि त्याने किती किलोमीटर सेवा करावी याचा आकडा ठरलेला होता. आमच्याकडे तो ३२,००० होता. हा आकडा पूर्ण होण्यापूर्वी टायर बदलावयाचा तर ‘मुदतपूर्व झीज’ या सदराखाली खुलासा द्यावा लागे, वरिष्ठांची खातरजमा करावी लागे, आणि एवढे करूनही लेखापरीक्षणात आक्षेप निघणार नाही याची शाश्वती नसे. पूर्ण झाल्यावर बदलला तर कोणी काही विचारीत नसे. त्यामुळे दर सहामाहीस चाकांची फर्द माझ्यापुढे आली की मी गाडीच्या शेडमध्ये जाऊन टायरांकडे एक दृष्टी टाकी, नक्षी थोडीबहुत दिसली की आकड्याकडे पाही, आणि शेऱ्याच्या रकान्यात तो माझा आवडता शब्द लिही. त्या शब्दात खोटे असे काहीच नव्हते. टायर खरोखरच चालत होते. रोज चालून घरी येत होते. जी वस्तू काल चालली, परवा चालली, ती उद्या का चालू नये, या प्रश्नाला उत्तर देण्यासाठी जी नजर लागते ती माझ्याजवळ नव्हती, आणि आकडा हाताशी असल्यामुळे ती मिळविण्याची गरजही मला भासली नाही.

१९७९ च्या जुलै महिन्यात चिपळूणला एक बैठक होती. साहेब पुढच्या आसनावर, मी मागे फायलींच्या गठ्ठ्याशेजारी, आणि चक्रावर मामा. हेळवाक मागे पडले आणि कुंभार्ली घाटाची उतरण लागली तेव्हा पाऊस असा होता, की काचेवरचे वायपर पाणी पुसत नव्हते, केवळ इकडून तिकडे हलवीत होते. डोंगरावरून येणारे ओहोळ ठिकठिकाणी रस्ता ओलांडून दरीत उतरत होते. मामांचा वेग चाळिसाच्या आत होता. एका वळणावर, जेथे रस्ता डोंगराच्या कुशीत शिरून पुन्हा बाहेर येतो, तेथे समोरून एक मालमोटार वर चढत आली. मामांनी ब्रेक दाबला आणि चक्र फिरविले. चक्र फिरले, गाडी फिरली नाही. इंजिनाचा, पावसाचा, चाकांचा सारा आवाज एकाएकी थांबल्यासारखे मला वाटले, आणि त्या निःशब्दतेत आमची मोटार, जणू तिला कोठे जावयाचे आहे हे तिचे तिलाच ठाऊक असावे अशा संथपणे, सरळ रेषेत सरकत जाऊन डोंगराकडच्या गटारात नाक खुपसून उभी राहिली.

इजा म्हणावी अशी कोणाला झाली नाही. साहेबांच्या कपाळाला टेंगूळ आले, मामांचे मनगट मुरगळले, मोटारीचा एक दिवा फुटला व मडगार्ड दुमडले. त्याच मालमोटारीवाल्याने दोर लावून आम्हांला बाहेर ओढले. फायली भिजू नयेत म्हणून मी त्या पोटाशी धरून रस्त्याच्या कडेला उभा होतो, आणि पुढच्या डाव्या चाकाकडे माझी नजर गेली. चिखल पावसाने धुऊन निघाला होता आणि टायरचा मधला भाग कातळावरून पाणी ओघळावे तसा चकाकत होता. मिस्त्री ज्याला गोटा झालेला टायर म्हणतात तो हाच. तीन आठवड्यांपूर्वी मी त्याच टायरसमोर २९,४०० हा आकडा पाहून ‘चालेल’ लिहिले होते. आम्ही ज्या वळणावर अडलो त्याच्या अलीकडची दोन वळणे मी मनाशी पुन्हा मोजली. त्या वळणांवर सरळ गेलो असतो, तर समोर डोंगर नव्हता.

खाली पोफळीला चहा घेताना मामांनी मनगटाला रुमाल गुंडाळला होता. मी काहीतरी सांत्वनपर बोललो असेन. पाऊस फार होता, रस्ता निसरडा होता, असे काही. त्यांनी बशीत चहा ओतला आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, ‘ब्रेक बरोबर लागला होता, भाऊसाहेब. चाकं जागच्या जागी थांबली होती. तरी गाडी चालतच होती.’ त्या वाक्यात त्यांनी मला दोष दिला नव्हता. जे घडले त्याचे ते यथातथ्य वर्णन होते. टायरच्या नक्षीतील खाचा या शोभेसाठी नसतात. रस्त्यावरचे पाणी त्यांतून बाजूला निघून जाते आणि तळहाताएवढ्या जागेत का होईना, रबराला डांबराचा स्पर्श मिळतो. खाचा उरल्या नाहीत की पाण्याला वाट राहत नाही, रबर पाण्याच्या पापुद्र्यावर बसते, आणि चाक थांबले तरी गाडी थांबत नाही. कोरड्या रस्त्यावर हाच गोटा टायर बिनतक्रार चालतो. म्हणूनच त्याचा दोष मे महिन्यात दिसत नाही. परंतु मामांचे वाक्य माझ्या मनात रुतले ते या विज्ञानामुळे नव्हे. ज्या शब्दाखाली मी सही केली होती तोच शब्द त्यांनी, नकळत, मला परत दिला होता.

चौकशी झाली. अतिवृष्टीमुळे रस्ता निसरडा झाल्याने अपघात घडला, चालकाची कसूर नाही, असा निष्कर्ष निघाला आणि फाईल दप्तरी दाखल झाली. माझा शेरा कोणी पाहिला नाही, मला कोणी जबाब विचारला नाही, आणि मीही आपण होऊन तो दिला नाही. ही गोष्ट लिहिताना आज, इतक्या वर्षांनी, लेखणी किंचित अडखळते.

त्यानंतर मी जे केले त्याला सुधारणा असे भारदस्त नाव देण्याचे धाडस मी करणार नाही. ती एक काडेपेटीची काडी होती. आमच्या मिस्त्रींच्या व्हर्नियरवर मी ती मोजून पाहिली, तिची जाडी दोन मिलिमीटरांच्या आसपास भरली. टायरच्या खाचेत काडी आडवी ठेवावयाची. ती खाचेत पुरती बुडाली तर खाच अजून जिवंत आहे, काठाशी आली तर टायरचे दिवस भरले आहेत, आणि काठाच्या वर डोकावली तर आपण आधीच उशीर केला आहे. पावसाळ्यात घाटात जाणाऱ्या गाडीसाठी मी एकीवर एक अशा दोन काड्या ठेवून पाहू लागलो, आणि वरची काडी उघडी पडली की टायर उतरवू लागलो. प्रत्येक चाकाच्या तीन जागा, आतली कड, मध्य आणि बाहेरची कड, असे तीन रकाने मी नोंदवहीत आखले, आणि ‘चालेल’ हा शब्द त्या वहीतून हद्दपार करून त्याच्या जागी आकडे लिहू लागलो.

तीन रकाने आखण्यामागे मिस्त्रींची शिकवण होती. गॅरेजातल्या त्या उस्तादांनी मला टायर वाचावयास शिकविले, आणि हे वाचन एकदा साधल्यावर मला असे दिसून आले, की टायर ही गाडीची वेगळी बाब नसून तिच्या साऱ्या देखभालीचा तो रोजनामा आहे. दोन्ही कडा झिजल्या आणि मध्य शाबूत राहिला, तर हवा कमी ठेवली जात होती. मध्य झिजला आणि कडा उरल्या, तर हवा अधिक होती. एकच कड खाल्ली गेली असेल, तर चाक कललेले आहे, पुढच्या सांध्यांत खेळ आला आहे. तळहात नक्षीवरून आडवा फिरविला आणि एका दिशेने तो मऊ गेला पण उलट दिशेने करवतीच्या दात्यांवरून फिरल्यासारखा टोचला, तर चाकांची तोंडे सरळ नाहीत, अलाइनमेंट करून घ्या. ठिकठिकाणी खळगे पडले असतील, तर शॉकअप थकला आहे आणि चाक रस्त्यावर चालण्याऐवजी टप्पे खात आहे. ज्या टायरने आम्हांला कुंभार्लीत दगा दिला तो मी पुन्हा शेडमध्ये जाऊन पाहिला तेव्हा त्याची बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा कितीतरी अधिक झिजलेली आढळली. वर्षभर त्या सांध्याला वेळेवर पिवळे ग्रीस दिसले असते आणि सकाळी, गाडी फिरण्यापूर्वी टायर थंड असताना, हवा मोजली गेली असती, तर त्याने कदाचित ते ३२,००० गाठलेही असते. म्हणजे जो आकडा पूर्ण करण्यासाठी मी टायर धरून ठेवला होता तो आकडा मीच, शेडकडे न फिरकल्यामुळे, त्याच्या हातून हिरावून घेतला होता.

१९८१ साली मी २६,००० वर दोन टायर बदलण्याची टिपणी ठेवली, आणि अपेक्षेप्रमाणे लेखापरीक्षणात परिच्छेद निघाला: मुदतीपूर्वी टायर बदलल्यामुळे शासनाचे नुकसान झाले, कारणे स्पष्ट करावीत. लेखापरीक्षक गृहस्थ वृत्तीचे, चष्म्याच्या वरून पाहणारे होते. मी त्यांना शेडमध्ये नेले, उतरविलेला टायर पुढे ठेवला आणि काडेपेटी हाती दिली. त्यांनी स्वतः काडी काढली, खाचेत ठेवली, खाली वाकून पाहिले, पुन्हा दुसऱ्या खाचेत ठेवली, आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. शेवटी ती काडी त्यांनी, बहुधा सवयीने, पेटीत परत ठेवली आणि म्हणाले, ‘मला पटलं. पण परिच्छेद मात्र लिहावा लागेल.’ तो परिच्छेद त्यांनी लिहिला, मी त्याला तीन पानांचा अनुपालन अहवाल जोडला, आणि सात वर्षांनी, मी दुसऱ्या टेबलावर जाऊन परत आल्यानंतर, तो वगळण्यात आला. मला त्या गृहस्थांचा राग कधी आला नाही. त्यांच्यापुढेही एक रकाना होता, आणि रकान्याला काडीची भाषा कळत नाही हे मला स्वानुभवाने ठाऊक होते.

पुढे काळ बदलला. १९८३ च्या डिसेंबरात मारुती रस्त्यावर आली, जिल्ह्याच्या कचेऱ्यांतूनही हळूहळू नव्या घडणीच्या गाड्या दिसू लागल्या, साध्या टायरांची जागा रेडियल टायरांनी घेतली, आणि केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांत मोटारींच्या टायरची खाच १.६ मिलिमीटरांहून कमी असू नये असे कायद्यानेच सांगितले. ते राजपत्र हाती आले तेव्हा माझ्या काडीला सरकारने मान्यता दिल्याचा मला बालिश आनंद झाला. पण त्याबरोबरच एक चमत्कारिक गोष्ट घडू लागली. खाचेच्या तळाशी जे छोटे उंचवटे कारखान्यातच ठेवलेले असतात, आणि ज्यांच्या पातळीला नक्षी आली की टायर संपला असे समजावयाचे, त्यांच्याकडे बोट दाखवून नवे चालक मला सांगू लागले, ‘अजून टेकला नाही साहेब, चालेल.’ किमान मर्यादा ही वस्तू अशी आहे की ती ठरविताच माणसे तिला कमाल मर्यादा समजून तिच्या काठावर बिऱ्हाड थाटतात. दोनच टायर मिळत तेव्हा ते नेहमी पुढे चढवावेत ही जुनी वहिवाटही याच सुमारास मोडावी लागली. कारण पुढचे चाक घसरले तर ते चालकाच्या हाताला लगेच कळते, मागचे घसरले तर गाडीच गरकन फिरते, म्हणून नवी जोडी मागे हवी. आयुष्यभर पुढच्या चाकाची धास्ती बाळगलेल्या मला हे पचावयास अवघड गेले.

आणि माझी काडीही शेवटी मला फसवून गेली, हे न सांगितले तर ही कैफियत अपुरी राहील. २००८ साली सेवानिवृत्त झाल्यावर मी एक छोटी मोटार घेतली. ती बाजारापलीकडे फारशी कोठे जात नसे. नऊ वर्षांत अठरा हजार किलोमीटर झाले असतील. २०१७ च्या मे महिन्यात मुलगा पुण्याहून आला असता मी चारही टायर बदलण्याचे बोललो. ‘बाबा, नक्षी तर नव्यासारखी आहे की,’ तो म्हणाला, आणि गंमत म्हणून त्याने माझ्याच काडेपेटीतून काडी काढून खाचेत ठेवली. काडी बुडाली, दुसरी ठेवली, तीही बुडाली. मी त्याला टायरच्या कुशीवरचे चार अंक दाखविले, ज्यांतील पहिले दोन आठवडा सांगतात आणि पुढचे दोन वर्ष: ३५०८, म्हणजे २००८ सालचा पस्तिसावा आठवडा. मग अंगठ्याने त्या कुशीवर दाब दिला, तेव्हा केसाएवढ्या बारीक भेगांचे जाळे उघडले, उन्हात तापलेल्या तळ्याच्या गाळावर उमटते तसे. रबर चालून जसे झिजते तसे ते नुसते उभे राहूनही आटते. माझ्या काडीला हे दिसत नव्हते, कारण मी तिला ते पाहावयास शिकविले नव्हते. आणि अधिक खोलात जाऊन सांगावयाचे तर, गेली काही वर्षे मी काडी ठेवीत होतो, पण टायर पाहत नव्हतो. ३२,००० हा आकडा जाऊन त्याच्या जागी काडी आली होती, एवढाच फरक. कोणतेही माप हाती आले की नजर विश्रांती घेते, आणि नजरेने विश्रांती घेतली की तो जुना शब्द मागच्या दाराने घरात येऊन बसतो.

‘कसं काय चाललंय?’ असे आपण भेटल्या माणसाला विचारतो आणि ‘चाललंय’ असे उत्तर ऐकून पुढे जातो. एवढा हा शब्द आपल्या अंगवळणी पडला आहे. गती आणि योग्यता या दोन वेगळ्या गोष्टी त्याने एकाच मुठीत धरल्या आहेत. गाडी चालते हे वाक्य कालचे असते. टायर चालेल हे वाक्य उद्याचे असते. आणि कालच्या पुराव्यावर उद्याचा दाखला देणे हा माझ्या टेबलाचा नित्याचा व्यवसाय होता. वडील चाके ओढ्यात बुडवीत तेव्हा त्यांनी धाव कधी मोजली नव्हती. पण ते रोज ऐकत असत.

ज्या दोन टायरांनी आम्हांला गटारात नेले त्यांची शेवटची नोंदही माझ्याच हातची आहे. त्यांचे निर्लेखन मंजूर झाले आणि १९८० च्या एप्रिलमध्ये कचेरीच्या आवारात मोडक्या खुर्च्या, गंजलेले डबे आणि फाटक्या ताडपत्र्या यांच्या रांगेत ते लिलावासाठी मांडले गेले. जवळच्या खेड्यातला एक शेतकरी त्यांच्याभोवती दोन वेळा फिरला, एक टायर उभा करून त्याने जमिनीवर आपटून पाहिला, आणि बोली त्याच्यावर संपल्यावर माझ्याकडे आला. शेतातून घरी कडबा आणावयाला त्याने एकबैली गाडा केला होता, जुन्या रिमा त्याच्याकडे होत्या, आणि लाकडी चाकाची धाव दर उन्हाळ्यात सैल होते म्हणून त्याला रबराची चाके हवी होती. ‘चालंल न्हवं, सायेब?’ त्याने विचारले.

मी त्या गोट्याकडे पाहिले. बैलाची चाल, मातीचा रस्ता, पेंढ्यांचे ओझे, आणि पावसात गाडा बाहेर काढावयाचा नाही. बैल थांबला की गाडा थांबणार. मी खिशातल्या काडेपेटीला हात लावला नाही.

‘चालेल,’ मी म्हणालो. आणि त्याखाली सही करण्याचा प्रसंग तेवढ्या एका वेळी आला नाही.